शोभेची दारू आणि शेजारधर्म

फटाके आणि दिवाळी यांची जोडी अनादि काळापासून चालत आली आहे, असे आपण धरून चालतो. इतिहासाची पाने उलटली की मात्र वेगळे चित्र दिसते. माउलींनी शके १२१२, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली. तिच्या चौथ्या अध्यायात दिवाळीचा दृष्टांत आला आहे. अविवेकाची काजळी झाडून विवेकाचा दिवा उजळला की योग्यांना अखंड दिवाळी होते, असा त्याचा भाव. त्या दिवाळीत दिवा आहे, वात आहे, काजळी झाडणारा हात आहे. आवाज मात्र कुठेच नाही. असणार तरी कसा? त्या काळी आपल्याकडे शोभेची दारू उडवीत असल्याचा दाखला मिळत नाही.

मग ही दारू आपल्या अंगणात आली कधी? आली तेव्हा ती कोण उडवीत असे, कुठे उडवीत असे? आणि आज ती उडवताना आपल्याला कोणती आठवण ठेवायला हवी? या प्रश्नांचा मागोवा घेण्यासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडला जाऊ. गाव मोताळा तालुक्यातले, बालाघाटाच्या पायथ्याचे. पण इतिहासात त्याचे नाव दोन मोठ्या लढायांनी आले आहे.

पहिली लढाई १४३७ सालची. खानदेशचा नसीरखान फारुकी याची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमदशहा याला दिलेली होती. सासरी तिची उपेक्षा होते, या रागातून बापाने वऱ्हाडावर स्वारी केली. बहमनींचा सरदार खलफ हसन याने रोहिणखेडला त्याचा पराभव केला. एका घरातला रुसवा, पण त्याची झळ लागली वऱ्हाडातल्या शिवारांना. त्यानंतर १५८२ साली खुदावंदखान महदवी याने गावात एक देखणी मशीद बांधली. ती रोहिणखेडची ओळख आहे. दुसरी लढाई १५९०-९१ ची, अहमदनगरच्या निजामशाहीतल्या भाऊबंदकीची. बुऱ्हाण निजामशहाने खानदेशच्या राजे अलीखानाच्या मदतीने जमालखानाला इथेच हरवले, आणि जमालखान त्या लढाईत पडला.

या दोन लढायांच्या मधली दीडशे वर्षे आपल्या विषयाला महत्त्वाची आहेत. पहिल्या लढाईनंतर सहाच वर्षांनी, १४४३ साली, इराणच्या दरबारातून आलेला अब्दुर रझाक विजयनगरला होता. तिथल्या महानवमीच्या उत्सवात आपण आतषबाजी पाहिली, असे त्याने लिहून ठेवले आहे. दुसऱ्या लढाईच्या आधी, १५४९ साली, निजामशाहीच्या राजधानीत ‘मलिक-ए-मैदान’ ही प्रचंड तोफ ओतली गेली होती. म्हणजे सोरा, गंधक आणि कोळसा यांचे ते मिश्रण या काळात दख्खनमध्ये दोन्ही अंगांनी रुजले. रणांगणावर माणसे मारायला, आणि उत्सवात डोळे दिपवायला.

याच काळात ही दारू आपल्या संतवाङ्मयातही आली. शके १४९३, म्हणजे १५७१ साली, शांतिब्रह्म एकनाथ महाराजांनी काशीक्षेत्री ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. विदर्भकन्या रुक्मिणीमातेच्या लग्नसोहळ्यात नाथांनी शोभेच्या दारूचे वर्णन केले आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी भारतातल्या दारूकामाचा १४०० ते १९०० असा पाचशे वर्षांचा इतिहास लिहिला. १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधात त्यांनी नाथांच्या या वर्णनाचा दाखला घेतला आहे. तेव्हा दारूकाम म्हटले की वारकऱ्याने नाक मुरडावे, असे काही नाही. नाथांनी ते देवाच्या लग्नात आनंदाने मिरवले. आनंदाला वारकरी संप्रदायाने कधी नाही म्हटलेले नाही.

पण ते दारूकाम कसे होते, हे पाहण्यासारखे आहे. त्याचे उत्तम चित्र ‘पेशव्यांच्या बखरी’त सापडते. महादजी शिंदे १७९२ साली उत्तरेतून पुण्याला आले. त्यांनी सवाई माधवराव पेशव्यांना कोट्याच्या दिवाळीची हकिकत सांगितली. तिथला राजा शहराबाहेर दारूची लंका उभी करतो. त्यात रावण असतो, राक्षस असतात, वानर असतात, आणि मारुतीची शेपटी पेटली की तो उड्या घेत सारी लंका जाळतो. ऐकून पेशव्यांना हौस वाटली आणि तशीच लंका पुण्यात करण्याचा हुकूम झाला. ती उभारली पर्वतीच्या पायथ्याशी, मोकळ्या जागी. पेशवे आणि सरदार मंडळी टेकडीवरून पाहत होती. लोकही तमाशा पाहायला जमले होते.

या एका प्रसंगात जुन्या दारूकामाची सारी शिस्त दिसते. ते वस्तीबाहेर होई. ते हुन्नर जाणणारे कारागीर करीत. तयारी आधीपासून चाललेली असल्याने कधी आणि कुठे दारू उडणार, हे लोकांना ठाऊक असे. पाहणारा लांब उभा राहून पाही. कुणाच्या गोठ्याशेजारी, कुणाच्या बाळंतिणीच्या खोलीखाली लंका पेटत नसे. शेजाऱ्याची काळजी वेगळी घ्यावी लागत नव्हती, कारण ती काळजी मधले अंतरच घेत होते.

हे अंतर विसाव्या शतकात मिटले. १९२३ साली तमिळ मुलखातल्या शिवकाशीचे अय्या नाडार आणि षण्मुग नाडार काडेपेटीचा धंदा शिकायला कलकत्त्याला गेले. परत येऊन त्यांनी गावात काडेपेटीचे कारखाने उभे केले, आणि १९४० नंतर त्याच शिवकाशीत फटाक्यांचा मोठा उद्योग वाढला. माळा, सुतळी बॉम्ब, भुईचक्र, झाड स्वस्त झाले आणि गावोगावच्या दुकानांत येऊन बसले. जे राजाने शहराबाहेर करायचे, ते प्रत्येकाने आपापल्या ओट्यासमोर करायला सुरुवात केली. दारू घरात आली. तिच्यासोबत असलेली शिस्त मात्र वाटेतच राहिली.

आता पुन्हा रोहिणखेडच्या लढायांकडे पाहा. तवारिखांत सुलतानांची नावे आहेत, सरदारांची आहेत, कोण जिंकले, कोण पडले हे आहे. त्या दोन दिवसांत घाटाच्या पायथ्याशी बांधलेल्या गुरांचे काय झाले, कोणत्या गाईने दावे तोडले, कोणते कुत्रे रानात पळाले, हे कोणी लिहिलेले नाही. दरबारी इतिहासाला मुक्या जिवाची नोंद ठेवायची सवयच नव्हती. ती नोंद ठेवली आपल्या संतचरित्रकारांनी.

ताहराबादच्या महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ लिहिला, पुढे ‘भक्तलीलामृत’ रचले. महिपती आणि कीर्तनकार यांच्या परंपरेने आपल्याला ज्या कथा दिल्या, त्यांत जनावरे किती आहेत, हे एकदा मोजून पाहावे. भाकरी घेऊन पळणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवराय आहेत. रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी ओतणारे नाथमहाराज आहेत. पैठणच्या रेड्याची कथा तर लहान मुलालाही पाठ असते. रेड्याच्या तोंडून वेद वदवले, हा तिचा चमत्काराचा भाग आपण रंगवून सांगतो. पण त्याआधीचा भाग अधिक हृदयाला भिडणारा आहे. आसूड रेड्याच्या पाठीवर पडला आणि वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले, असे परंपरा सांगते. पुण्याजवळ जुन्नर तालुक्यात आळे येथे त्या रेड्याची समाधी आहे, आणि वारकरी आजही तिथे माथा टेकतात. जनावराची समाधी पुजणारा आपला संप्रदाय आहे, हे विसरून चालणार नाही.

या साऱ्यांत आपल्या विषयाला अगदी जवळची कथा तुकोबारायांची आहे. दाणे टिपत बसलेली पाखरे महाराजांची चाहूल लागताच भुर्रकन उडाली. कोणीही म्हणाले असते, पाखरेच ती, उडायचीच. महाराजांना मात्र वाईट वाटले. सर्वांभूती एकच देव म्हणायचे, आणि या जिवांना माझे भय वाटते, म्हणजे माझ्यातच काही उणे आहे, असे त्यांना वाटले. पाखरे निर्भय होऊन अंगावर येऊन बसेपर्यंत ते निश्चल उभे राहिले, असे कथा सांगते. नुसत्या पावलाच्या चाहुलीने पाखरे भ्याली, याचे ज्यांना दुःख झाले, त्यांचे आपण वारस. आपल्या हातातल्या वातीने रात्री किती पाखरे घरट्यातून उठतात?

बुलढाण्याच्या मंडळींना याच जातीची आणखी एक कथा घरची आहे. दासगणू महाराजांच्या ‘गजानन विजय’ ग्रंथात टाकळीकर बुवांच्या घोड्याची हकिकत येते. घोडा भारी द्वाड. चावे घेई, लाथा झाडी, रात्रंदिवस खिंकाळे. बुवा शेगावला कीर्तनासाठी आले आणि घोडा देवळासमोर बांधला. रात्री बुवांना जाग आली तर घोडा शांत उभा, आणि त्याच्या चार पायांमध्ये गजानन महाराज निजलेले. महाराजांनी त्याला मारले नाही, दटावले नाही. आपली शांती त्याला दिली. भेदरलेल्या जनावराला काय हवे असते, हे या कथेइतके नेमके कोणी सांगितले असेल, असे वाटत नाही.

जनावर का भेदरते, याचे कारणही आता ठाऊक झाले आहे. माणसाच्या कानाला एका सेकंदात वीस हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. गाईला सुमारे पस्तीस हजारांपर्यंत येतो, कुत्र्याला सुमारे पंचेचाळीस हजारांपर्यंत, आणि मांजराला त्याहूनही अधिक. शिवाय आपल्याला माहीत असते की वात पेटली, आता आवाज होणार, मग थांबणार. मुक्या जिवाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या दृष्टीने आभाळ फुटलेले असते, ते का फुटले हे कळत नाही, आणि पुन्हा कधी फुटेल याचा नेम नसतो. दावणीला बांधलेली गाय पळू शकत नाही. साखळीचे कुत्रे पळायला जाते तर गळ्याला फास बसतो. मोकळे कुत्रे दिशा न पाहता धावत सुटते, आणि सकाळी घरधनी गावभर हाका मारीत फिरतो.

यातली विसंगती तर पाहा. आपल्या दिवाळीचा पहिला दिवा वसुबारसेला लागतो, तो गाय आणि वासरासाठी. त्या दिवशी गाईच्या पायांवर पाणी घालायचे, तिला ओवाळायचे, घास भरवायचा. पाडव्याला पुन्हा गुरांची पूजा. आणि मधल्या रात्री त्याच गाईच्या कानाशी सुतळी बॉम्ब! पहिल्या दिवशी जिला माय म्हटले, तिसऱ्या रात्री तिच्या डोळ्यांत आपल्याविषयी काय दिसते, हे गोठ्यात कंदील नेऊन एकदा पाहावे.

कार्तिक महिन्यात गावोगावी काकडा चालू असतो. पहाटे आपण पांडुरंगाला उठवतो ते कसे? हलक्या टाळाने, भूपाळीच्या गोड सुरांत, हळूहळू. ज्याने हे विश्व निर्माण केले, त्याला काही आवाजाचे भय नाही. तरीही झोपलेल्याला दचकवून उठवू नये, ही आपली रीत आहे आणि ती आपण देवापाशी पाळतो. मग त्याच पहाटे भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्या माउलीला, पाळण्यातल्या लेकराला आणि गाभण गाईला ती रीत का नाही?

सरकार आणि न्यायालय यांनाही शेवटी या गोष्टीत लक्ष घालावे लागले. १९९९ साली नियम झाला की, उडवल्या जागेपासून चार मीटरवर १२५ डेसिबलपेक्षा अधिक आवाज करणारा फटाका बनवता वा विकता येणार नाही. जुन्या गावठाणातली गल्ली मुळात चार मीटर रुंद असतेच असे नाही, हे लक्षात घ्यावे. १८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाचे फटाके उडवायला मनाई केली. २३ ऑक्टोबर २०१८ च्या निकालाने दिवाळीत रात्री आठ ते दहा ही वेळ ठरवून दिली आणि कमी प्रदूषण करणाऱ्या फटाक्यांनाच परवानगी ठेवली. दवाखाने, शाळा आणि देवळे यांच्या भोवतीचा शंभर मीटरचा परिसर शांततेचा मानला जातो. जे अंतर पूर्वी पर्वतीची टेकडी राखीत होती, ते आता कायद्याला कागदावर आखून द्यावे लागते.

पण सज्जनहो, कायदा वेळ सांगेल, आवाजाचे माप सांगेल. शेजारच्या घरात काल बाळंतीण आली आहे, समोरच्या काकांच्या छातीचा इलाज चालू आहे, मागच्या वाड्यातली गाय आठ दिवसांत विणार आहे, हे कायद्याला कुठून कळणार? ते फक्त शेजाऱ्याला कळते. म्हणून ते अंतर आता शेजाऱ्यानेच राखायचे आहे. त्यालाच आपल्या वाडवडिलांनी शेजारधर्म म्हटले. पूजा, व्रत, वारी यांच्या पंक्तीत त्यांनी शेजारालाही ‘धर्म’ हा शब्द लावला, तो उगाच नाही.

तो पाळायला फार काही लागत नाही. दारू उडवण्याआधी शेजारच्या दोन-चार घरी जाऊन यावे. “आज साडेआठला पोरं थोडी दारू उडवणार आहेत, तुमच्याकडे काही अडचण तर नाही ना?” एवढे विचारले की पुष्कळ झाले. वेळ कळली की ते घरातले कुत्रे आत घेतील, गाय आडोशाला बांधतील, म्हातारीजवळ कोणीतरी बसेल. कोणी अडचण सांगितली तर जागा बदलावी. गावाबाहेरचे मोकळे रान किंवा शाळेपासून लांबचे मैदान बघावे. चार घरांनी मिळून एकाच जागी, एकाच वेळी उडवली तर आनंद वाढतो आणि त्रास अर्ध्या तासात संपतो. पर्वतीच्या पायथ्याची रीत ती हीच. मोठ्या आवाजाच्या बॉम्बपेक्षा फुलबाजी, झाड, भुईचक्र घ्यावे. मुलांना उजेडच अधिक आवडतो.

ज्यांच्या घरी जनावर आहे त्यांनी कुत्र्याला सांजेआधी फिरवून आणावे, पाणी-भाकर द्यावी आणि आतल्या खोलीत घ्यावे. दारे-खिडक्या लावाव्या, बेताच्या आवाजात भजन लावून ठेवावे. ते खाटेखाली लपले तर ओढून बाहेर काढू नये, ओरडू नये. जवळ बसावे. गुरांचे दावे तपासावे, गळ्याला फास बसेल अशी गाठ ठेवू नये. ओळखीच्या माणसाचा हात पाठीवर असला की गुरे लवकर निवतात. टाकळीकर बुवांच्या घोड्याची कथा इथे कामी येते.

आपल्या भागात आणखी एक सावधगिरी हवी. दिवाळी येते ती ऐन वेचणीच्या हंगामात. कापूस घरात आलेला असतो, कुणाची सोयाबीनची सुडी शेतात उभी असते, गोठ्यावर कुटार आणि कडबा रचलेला असतो. वर्षभराची कमाई आणि गुरांचा चारा एका ठिणगीच्या अंतरावर असतो. आभाळात जाणारा बाण कुठे पडेल, हे त्याला उडवणाऱ्याच्या हाती नसते. वस्तीत बाण उडवूच नये. बाकी दारू उडवताना पाण्याची बादली जवळ असावी. आणि सकाळी अंगणापुढचा सगळा कचरा आपणच झाडावा. न उडालेले फटाके, दारूचे कागद शेळ्या-गाई खातात; त्यातल्या क्षारांनी त्यांना विषबाधा होऊ शकते.

हे सारे सांगण्याचे कारण केवळ गाई-कुत्र्यांपुरते नाही. गावात एका फटाक्यावरून शब्दाला शब्द लागतो, आणि एकाच दिंडीत एकापुढे एक चालणारी दोन घरे वर्षभर बोलत नाहीत. वारीच्या वाटेवर आपण अनोळखी माणसाच्या पाया पडतो, तोही उलट आपल्या पाया पडतो. वय विचारत नाही, जात विचारत नाही, गाव विचारत नाही. शेकडो मैल चालून शिकलेला हा नमस्कार आपल्याच गल्लीत, भिंतीपलीकडच्या घराला लागू होत नसेल, तर चालणे पायांचे झाले, मनाचे नाही. १४३७ साली एका घरातला रुसवा रोहिणखेडच्या शिवारापर्यंत आला. रुसवे असेच वाढतात, आणि ते वेळेवर निवले तर असेच निवतातही, एका विचारपुशीने.

दिवाळी सरली की कार्तिकी येते. पंढरीला निघताना आपण घर, गोठा, कुत्रे-मांजर कोणाच्या भरवशावर सोडून जातो? शेजाऱ्याच्याच ना? तो आपल्या गाईला चारा घालतो, आपल्या कुत्र्याला भाकर टाकतो, तेव्हा आपला पाय निश्चिंतपणे वाटेला लागतो. त्याच्या दारात जाऊन यंदा वात पेटवण्याआधी एकदा विचारून यावे. दिवा तर लावायचाच आहे. त्याच्या उजेडात शेजारचे घरही दिसावे आणि त्या घरातला गोठाही.

॥ राम कृष्ण हरी ॥